पाच रेघांचं लाकूड

सासऱ्यांनी जावयाला थेट फोन करायचा, ही त्या घरातली पद्धतच नव्हती. काही काम निघालं की सासरे ते सासूबाईंच्या कानावर घालायचे, सासूबाई मुलीला सांगायच्या आणि मुलगी नवऱ्याला. इतक्या हातांतून येईपर्यंत निरोपाची धार बरीच बोथट झालेली असायची. या खेपेलाही बायकोने जेवता जेवता सांगितलं, "बाबांचे फोटो उघडत नाहीयेत म्हणे. सवड मिळाली की बघ जरा." पण जावई काय ते समजला. छत गळत होतं तेव्हा ज्या माणसाने खाली बादल्या मांडून आठवडेच्या आठवडे काढले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही, तो माणूस फोटोंसाठी निरोप धाडतो म्हणजे प्रकरण अगदी गळ्याशी आलेलं असणार.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांना "डोळे उघडे ठेवा, मिटू नका" असं सांगणं हा त्याचा धंदा आणि लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, हा त्याचा नाद. कुणी मासे धरायला जातं, कुणी गुलाबाची कलमं करतं. हा हाताला लागेल त्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवायचा. सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तेव्हा त्यानेच त्यात लिनक्स घातलं होतं, आणि फोटो लावून ठेवायचा एक प्रोग्रामही बसवून दिला होता. सगळं झाल्यावर सासरे म्हणाले होते, "बरं."

आता या 'बरं'बद्दल थोडं सांगायला हवं. सासऱ्यांचा सगळा जन्म लाकडाच्या वखारीत गेलेला. तिथे करवतीच्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून असेल किंवा मुळातच असेल, ते शब्द मोजून मापून वापरायचे. त्यांचं तुटक 'बरं' म्हणजे कळलं. लांबवलेलं 'बरं' म्हणजे बघू. आणि शेवटाला खाली उतरलेलं 'बरं' म्हणजे विषय संपला, आता उठा. लग्न झाल्यापासून जावयाने तिन्ही तऱ्हेची 'बरं' पोटभर खाल्ली होती. पण या माणसाला आपण आवडतो की नाही, हे काही त्याला कळलं नव्हतं. ते कधी वावगं बोलले नाहीत, कधी कौतुकाचंही बोलले नाहीत. "बाबा तसेच आहेत, तू मनाला लावून घेऊ नकोस," असं बायको म्हणायची. पण त्याने ते मनाला चांगलंच लावून घेतलं होतं. स्वतःचे वडील त्याला नीट आठवतही नव्हते, त्यामुळे लग्नाच्या वेळी बायकोबरोबर एक बाबाही मिळणार याचा त्याला गुपचूप आनंद झाला होता. तो आनंद इतकी वर्षं तसाच घडी घालून ठेवलेला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो सासरी हजर झाला. बायकोची त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून एकटाच. वाटेत त्याच्या लक्षात आलं की बॅकअप घ्यायची डिस्क दुकानातच राहिली. परत फिरावं असं मनात आलं, पण एवढ्याशा कामाला बॅकअप कशाला, असं म्हणून तो पुढे निघाला. कॉम्प्युटरवाल्या माणसांनी हे वाक्य जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्याच वेळा त्यांनी नंतर कपाळाला हात लावला असेल.

सासऱ्यांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. टेबल त्यांनी स्वतः केलेलं, इतकं जड की लग्नाच्या वेळी सामान हलवताना चौघांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. त्यावर कॉम्प्युटर, आणि शेजारी सासरे निवृत्त झाले तेव्हा वखारीने दिलेला कॅमेरा. सासरे घरातल्या माणसांचे फोटो काढायचे, खिडकीतल्या मांजराचे, लोकांच्या दरवाजांचे, कापलेल्या बुंध्यांवरच्या वर्तुळांचे. रोज सकाळी चहा झाला की नवे फोटो उतरवून घ्यायचे, एकेक डोळ्यांत तेल घालून बघायचा, त्याला चांदण्या द्यायच्या आणि अगदीच नको तो तिथल्या तिथे पुसून टाकायचा, असा त्यांचा नेम. प्रत्येक फोटोखाली पाच चांदण्यांची जागा असते आणि किती भरायच्या ते आपण ठरवायचं असतं. हा नेम काही दिवस मोडला होता, आणि सासरे पाय मोडल्यासारखे घरात बसून होते.

"उघडतो. पण फोटोला हात लावला की बंद पडतो," सासऱ्यांनी सांगितलं. एकदम दोन वाक्यं, म्हणजे ते खरंच हवालदिल झाले होते.

जावयाने पाहिलं. सिस्टीम मागे अपडेट झाली होती, तिच्यातलं बरंच काही बदललं होतं, आणि जुन्या प्रोग्रामचा सांभाळ करणाऱ्यांनी तर कधीच हात झटकले होते. आज हे दुरुस्त केलं तरी उद्या दुसरं तुटणार. "बाबा, हा आता काढून टाकू. याच्या जागी नवा बसवतो. त्यात सगळं असतं, उलट जास्तच असतं."

"चांदण्या?"

"राहतील."

"सगळ्या?"

"सगळ्या. माझी जबाबदारी."

"बरं," सासरे म्हणाले, लांबवलेलं.

खरी मेख तिथेच होती. जुना प्रोग्राम चांदण्या फोटोत लिहीतच नव्हता, स्वतःच्या पोटात साठवायचा. तो तसाच उपटून टाकला असता तर फोटो सगळे राहिले असते आणि चांदण्या त्याच्याबरोबर गेल्या असत्या. त्या फोटोंच्या आत लिहायला लावणारी एक सेटिंग मात्र होती. जावयाने प्रोग्राम उघडला, कुठल्याही फोटोला धक्का न लावता त्या सेटिंगवर खूण केली आणि दोन्ही हात वर घेतले. "आता कशालाही हात लावायचा नाही. त्याला त्याचं लिहू दे."

मग दोघे जण हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले. खाली एक निळी पट्टी गोगलगायीच्या गतीने सरकत होती. सासूबाई दारात येऊन विचारून गेल्या, "काय करताय?" त्यावर जावई म्हणाला, "काही नाही," आणि ते शंभर टक्के खरं होतं. सासरे मधेच म्हणाले, "ओलं लाकूड असंच असतं. हात लावला की तडकतं." जावयाला फार बरं वाटलं. सासरे त्याच्याशी आपणहून वखारीबद्दल बोलले, असं आठवणीत तरी पहिल्यांदाच घडत होतं.

पट्टी पूर्ण झाली. जावयाने दोन-चार फोटो तपासले. चांदण्या आत उतरल्या होत्या. मग त्याने काळी खिडकी उघडली, जुना प्रोग्राम काढायची कमांड टाईप केली आणि पासवर्ड दिला. अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि थांबली. इतकी वर्षं रोज सकाळी उघडणारी गोष्ट एका ओळीत गेली, म्हणून सासऱ्यांनी एक उसासा सोडला. पुढची ओळ नव्या प्रोग्रामची. तो बराच वेळ उतरत राहिला, मग स्वतःला बसवत राहिला, आणि उघडल्यावर सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. एकेक फोटो दिसू लागला, त्याखाली चांदण्या. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आल्या," ते म्हणाले.

आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं. डिस्कवर जागा उरली नाही, असा निरोप पडद्यावर आला. नवा प्रोग्राम प्रत्येक फोटोची एक लहान प्रतिमा करून ठेवत होता, आणि जुन्या डिस्कला तेवढंही सोसत नव्हतं.

"थोडे फोटो कमी करावे लागतील बाबा. कुठले काढू?"

सासरे उठून चप्पल घालत होते. दूध आणायची त्यांची वेळ झाली होती, आणि वेळेच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. "चार चांदण्यांचे काढा," ते म्हणाले. "गेले तरी चालतील."

"चार?"

"चार," असं म्हणून सासरे पिशवी घेऊन निघून गेले.

जावई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. पाचपैकी चार चांदण्या मिळालेले फोटो काढून टाकायचे? म्हणजे मार्कांच्या यादीतली चांगली पोरंच शाळेतून काढायची. मग तो मनाशीच हसला. दुकानात रोज अशी माणसं येत; तक्त्यावरचा तीन त्यांना आठ दिसायचा आणि ती ठामपणे आठच म्हणायची. त्यांचं चुकतंय असं तोंडावर म्हणायचं नसतं, गुपचूप बरोबर नंबर द्यायचा असतो. सासऱ्यांना एक म्हणायचं असणार आणि तोंडातून चार आलं असणार. वय झालं की व्हायचंच. आपण एक चांदणीवाले काढू, त्यांना कळणारही नाही.

पण त्याआधी त्याला मोह झाला. आपल्याला किती चांदण्या असतील? बायको ड्युटीवर, सासूबाई स्वयंपाकघरात, सासरे रस्त्यात. बघायला हरकत नव्हती. त्याने पाच चांदण्यांवर क्लिक केलं.

पडद्यावर तोच होता. सगळीकडे तोच. लग्नाच्या दिवशी कडक कपड्यांत तो, स्वतःच्या तान्ह्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलेला तो, गच्चीवर टाकीत अर्धा आत गेलेला तो, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचा हात धरून पायऱ्या उतरणारा तो. काही फोटोंत इतर माणसं होती, पण तो नाही असा फोटो त्यात एकही नव्हता. बायकोचा एकटीचा नाही, सासूबाईंचा नाही, मांजराचासुद्धा नाही. आणि मौज म्हणजे सगळ्या फोटोंत त्याचे डोळे मिटलेले होते. फोटो काढताना त्याचे डोळे मिटायचेच, त्याला इलाज नव्हता. चष्मेवाल्याचेच डोळे उघडत नाहीत म्हणून घरातले सगळे त्याला हसायचे. तरीसुद्धा पाच. मिटल्या डोळ्यांसकट पाचपैकी पाच.

जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि छताकडे बघून हसत बसला. इतकी वर्षं ज्या माणसाला तो कोरडा म्हणत होता, तो रोज सकाळी इथे बसून त्याला गुपचूप चांदण्या देत होता. म्हणजे आपलंच डोकं चालत नव्हतं, असं त्याने स्वतःला सुनावलं, आणि अशा आनंदात स्वतःला सुनावायलाही गोड लागतं. बायकोला आज रात्री काय काय ऐकवायचं हे त्याने मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

अशा तरंगत्या मनःस्थितीत कुणी डिस्क साफ करू नये. त्याने एक चांदणीवाले सगळे फोटो एकदम निवडले, त्यांच्याकडे धड बघितलंही नाही आणि कचरापेटीत टाकले. जागा तरीही झाली नाही, कारण कचरापेटी रिकामी करेपर्यंत फोटो डिस्कवरच पडून असतात. त्याने कचरापेटी उघडली. ती रिकामी करायच्या बटणावर बोट नेलं. हे कायमचं जाईल, नक्की ना, असं कॉम्प्युटरने विचारलं.

"अगं बाई, हा माझा फोटो," मागून आवाज आला. सासूबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "सुईत दोरा ओवतानाचा. हा तुम्ही कसा शोधलात? यांचा फार लाडका आहे हो. कुणी घरी आलं की आधी हा दाखवतात, मला मेलीला लाज वाटते. आणि ही आमची मुलगी, दप्तरावर डोकं ठेवून झोपलेली. हा जुना फोटो त्यांनी मुद्दाम यात घालून घेतला." मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "हे सगळे कुठे ठेवलेत? नवीन जागा का?"

जावयाचं बोट बटणावरून अलगद बाजूला झालं. "आई, हे... यांना बाबांनी एकच चांदणी दिलीये."

"मग एकच देणार. आणखी किती देतील?"

"एक म्हणजे सगळ्यात खालचा नंबर ना?"

"खालचा कसा? एक म्हणजे पहिली प्रत." सासूबाईंनी कप टेबलावर ठेवला आणि जावयाला अक्षरओळख करून द्यावी तसं समजावलं. वखारीत लाकूड आलं की सासरे ते बघायचे, गाठी किती, चीर कुठे, रेषा सरळ की वाकडी, आणि खडूने टोकाशी रेघा ओढायचे. एक रेघ म्हणजे पहिली प्रत, उत्तम फर्निचरची. दोन रेघा दरवाजे-खिडक्यांना. तीन, चार अशी ती उतरत जायची. "हे यंत्र आल्यावर मी विचारलं, या चांदण्या कसल्या? तर म्हणाले, रेघाच आहेत."

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि पाच?"

"पाच म्हणजे सरपण. जळणात जायचं ते. पाच रेघांचं लाकूड वखारीत रात्र काढत नसे. संध्याकाळच्या गाडीत भरलं की गेलं, नाहीतर चांगल्याची जागा अडते म्हणायचे. चहा निवतोय बघा तुमचा." आणि सासूबाई आत गेल्या. आपण केवढा अनर्थ टाळला आणि केवढा केला, याची त्या माउलीला कल्पनाही नव्हती.

जावयाने आधी नाही म्हणायचं बटण दाबलं, मग एकूण एक फोटो कचऱ्यातून परत जागच्या जागी ठेवले, पुन्हा पुन्हा तपासले, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आणि पडला तो तिथेच बसून राहिला. सरपण. लग्नाच्या दिवशीचा तो, सरपण. मुलीला घेतलेला तो, सरपण. टाकीत उतरून चिखल उपसणारा तो, तेसुद्धा सरपणच. कुणीतरी मांडीवर बसवून घ्यावं आणि मग लगेच उठवावं तसं त्याला झालं. तो मोठा, कर्ता माणूस होता, घरात त्याचा शब्द चालत होता, दुकानात लोक त्याला साहेब म्हणत होते. तरी लहान मुलासारखी कुणाकडे तरी तक्रार करावी असं त्याला वाटलं.

त्याने बायकोला फोन लावला. "तुझ्या बाबांनी मला सरपणात काढलंय."

सगळं ऐकून घेतल्यावर ती हसायला लागली. "अरे, प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले असतात तुझे. त्याचं काय फर्निचर करणार?"

"तुला हसू येतंय."

"बरं, नाही हसत. पण मला एक सांग, आता काय करणार आहेस?"

"त्यांनी सांगितलं तेच. चार चांदण्यांचे काढतो."

"मग काढ आणि दोन घास खाऊन घे. रिकाम्या पोटी तुला सगळंच वाईट दिसतं," असं म्हणून तिने फोन ठेवला. कुणीतरी तिला हाक मारत होतं.

त्याने चार चांदण्यांचे फोटो उघडले. दाराच्या कड्या, हललेलं मांजर, अर्धवट फांद्या, एकाच बुंध्याचे एकसारखे कितीतरी फोटो. त्यांच्याबद्दल दुःख करावं असं खरंच काही नव्हतं. त्याने ते काढले, कचरापेटी रिकामी केली, डिस्कने मोकळा श्वास घेतला आणि नवा प्रोग्राम पुन्हा कामाला लागला.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात एक गोष्ट टोचली. जागा हवी होती तर सासरे चार का म्हणाले? जळणाचं आधी काढायचं, मग त्याच्या वरचं. ज्या माणसाने जन्मभर पाच रेघांचं लाकूड संध्याकाळच्या आत वखारीबाहेर घालवलं, त्याच्याकडे हे पाच चांदण्यांचे फोटो लग्नाच्या दिवसापासून पडून कसे? नको तो फोटो तर ते रोजच्या रोज पुसतात. त्याने पुन्हा पाच चांदण्या उघडल्या आणि या वेळी स्वतःकडे न बघता बाकी काय नाही ते बघितलं. धूसर मांजर नव्हतं. वाकडा दरवाजा नव्हता. कॅमेऱ्यासमोर आलेलं सासऱ्यांचं बोट नव्हतं. सगळ्यांचं सरपण केव्हाच गेलं होतं, फक्त त्याचं तेवढं राहिलं होतं.

दाराशी चपला वाजल्या. सासऱ्यांनी दूध आत दिलं आणि खोलीत येऊन विचारलं, "झालं?"

"झालं. चार चांदण्यांचे काढले. पुरेशी जागा झाली." मग जावयाने हिय्या केला. "बाबा, पाचचे काढा असं का नाही म्हणालात?"

सासऱ्यांनी पडद्याकडे बघितलं. तिथे मिटल्या डोळ्यांचे जावई रांगेने बसलेले होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते थोडा वेळ उभेच राहिले, मग बसले.

"फोटो वाईटच आहेत," ते म्हणाले. "डोळे मिटता तुम्ही. त्याला पाचवीच प्रत, दुसरी देता येत नाही."

"मग काढून टाकायचे."

"टाकायला घेतो." त्यांनी बोटाने एक फोटो दाखवला. "हा, हिला दवाखान्यातून आणलंत तेव्हाचा. मी मागे कॅमेरा धरून नुसता उभा, आणि तुम्ही एकेक पायरी मोजून तिला सांगत होतात. हा कसा टाकू? हा टाकीतला. टाकी साफ करा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्ही आपले कपडे काढून आत. आणि हा, नातीला घेतलंत तो. तुम्ही रडत होतात, म्हणून डोळे मिटलेले. तो तर..." ते थांबले. एवढं सलग बोलायची सवय नव्हती. "घेतो टाकायला, आणि म्हणतो, राहू दे आज. रोजच राहतात."

विषय बदलावा म्हणून जावयाने जगात चांदण्यांची रीत कशी उलटी आहे ते सांगितलं. पाच म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे टाकाऊ, म्हणून आपण आईंचा सुईदोऱ्याचा फोटो जवळजवळ कचऱ्यात घालवला होता, हेही कबूल केलं. सासऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. सुईदोऱ्याचं नाव निघालं तेव्हा त्यांचा हात एकदा छातीकडे गेला, तेवढंच.

"म्हणजे माझंच उलटं," ते म्हणाले.

"तुमचं बरोबर आहे बाबा, चांदण्या उलट्या आहेत. पण उद्या नात हे बघेल, तिला वाटेल आजीला एकच दिली. सरळ करून घेऊ का? एक छोटी कमांड लिहितो. एकच्या पाच होतील, दोनच्या चार, पाचची एक. सगळे फोटो एकदम."

"करा."

जावयाने काळी खिडकी उघडली आणि लिहायला लागला. एकाच्या जागी पाच. दोनाच्या जागी चार. तीन तसेच. चारचे उरलेच नव्हते. शेवटी पाच आले. स्वतःच्या हाताने स्वतःला एका चांदणीवर आणायचं होतं, पण आता त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो खुशीतच लिहीत होता.

सासरे मान पुढे काढून त्या अक्षरांकडे बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. त्यांनी जावयाच्या हातावर हात ठेवला.

"बाकीचे सगळे उलटे करा," ते म्हणाले. "हे आहेत तिथेच राहू द्या."

जावयाने शेवटची ओळ पुसली आणि एंटर दाबलं. कमांड बराच वेळ चालली. ती चालेपर्यंत दोघे कशालाही हात न लावता शेजारी शेजारी बसले होते. मग जावयाने पाच चांदण्या उघडल्या. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या, त्यांच्या बाजूला बायको दप्तरावर झोपली होती आणि त्या दोघींना लागून तो होता, टाकीत अर्धा उतरलेला, डोळे गच्च मिटून.

"बरं," सासरे म्हणाले, आणि उठले नाहीत.